अमेरिकेत गॅस स्टेशन विकत घेताना: एसबीए कर्जाची फाइल कशी बसवायची

अमेरिकेत गॅस स्टेशन घ्यायचं म्हटलं की ओळखीतला कोणीतरी लगेच सांगतो, ‘एसबीए लोन काढ, दहा टक्के भर, बाकी सरकार देतं.’ यातलं ‘सरकार देतं’ साफ चूक आहे. पैसे बँकच देते. स्मॉल बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे एसबीए, त्या बँकेला हमी देते: दीड लाख डॉलरपर्यंतच्या कर्जावर ८५ टक्के, त्यापुढे ७५ टक्के. कर्ज बुडालं तर हमीचे पैसे बँकेला मिळतात, तुमचं देणं तसंच राहतं. धंद्यात २० टक्के किंवा जास्त हिस्सा असलेल्या प्रत्येकाची वैयक्तिक हमी आधीच घेतलेली असते, त्यामुळे वसुली राहत्या घरापर्यंत येऊ शकते.

गॅस स्टेशनच्या फायली सहसा तीन जागी अडकतात: विकणाऱ्याचे टॅक्स रिटर्न, जमिनीखालच्या टाक्या आणि इंधन पुरवठ्याचा करार. तुमचा क्रेडिट स्कोअर त्यानंतर येतो. बहुतेक जण मात्र उलट्या क्रमाने जातात. आधी भाव ठरवतात, मग बयाणा देतात, मग बँकेत जातात, आणि टाक्यांचे कागद बँकेने मागितल्यावर शोधायला लागतात. तोवर बयाणा परत मिळण्याची मुदत संपलेली असते. हे तीन गठ्ठे करारावर सही करण्याआधी चाळून झालेले हवेत.

आधी पात्रता

जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनी एक मोठा बदल केला: धंद्याची शंभर टक्के मालकी पात्र लोकांकडे हवी. एच-वन-बीवर असलेल्या भावाला किंवा मित्राला छोटा हिस्सा देऊन त्याचे पैसे आत घ्यायचे, हा जुना मार्ग त्यामुळे बंद झाला. ग्रीनकार्डधारकांबाबतचे नियम त्यानंतर आणखी कडक होत गेले आहेत. सगळे मालक नागरिक नसतील तर पहिल्याच भेटीत बँकेला विचारा, आणि त्या तारखेला लागू असलेलं उत्तर ईमेलवर घ्या. दोन वर्षांपूर्वी कोणाला तरी मिळालं होतं, या माहितीचा इथे काही उपयोग नाही.

दुसरा प्रश्न अनुभवाचा. पंप किंवा दुकान कधीच न चालवलेल्या माणसाला बँक सरसकट नाही म्हणत नाही, पण मग रोजचा कारभार कोण बघणार ते नाव लागतं. आधीच्या मालकाचा मॅनेजर राहणार असेल तर त्याचं पत्र आणि पगार फायलीत घाला. विकणाऱ्याला शिकवायला ठेवता येतं, पण जास्तीत जास्त १२ महिने.

७(ए) की ५०४

७(ए) आणि ५०४ ही एसबीएची दोन प्रकारची कर्जं. ७(ए) मध्ये जमीन, इमारत, डिस्पेन्सर (इंधन भरायची यंत्रं), गुडविल (चालू धंद्याच्या नावाची किंमत), माल आणि खेळतं भांडवल एकाच कर्जात बसतं. कमाल मर्यादा ५० लाख डॉलर. साडेतीन लाखांपुढच्या कर्जावर बदलता व्याजदर जास्तीत जास्त प्राइम (बँकांचा मूळ व्याजदर) अधिक ३ टक्के असू शकतो. जमीन-इमारतीसाठी मुदत २५ वर्षांपर्यंत, यंत्रं आणि गुडविलसाठी साधारण १०. कर्जातला निम्म्याहून जास्त पैसा जमीन-इमारतीसाठी असेल तर सगळ्याच कर्जाला २५ वर्षं मिळू शकतात. हप्त्यावर याचा परिणाम फार मोठा होतो, म्हणून विक्री करारात किमतीची विभागणी कशी लिहिली आहे याकडे लक्ष हवं.

५०४ मध्ये तिघे असतात. बँक ५० टक्के देते, सर्टिफाइड डेव्हलपमेंट कंपनी, म्हणजे एसबीएने मान्य केलेली कर्जसंस्था, ४० टक्के आणि तुम्ही १०. गॅस स्टेशनला मात्र हे गणित लागू पडत नाही. एसबीएच्या लेखी ही एकाच वापराची मालमत्ता आहे, म्हणून तुमचा वाटा १५ टक्के, आणि धंदाही नवा असेल तर २०. डेव्हलपमेंट कंपनीच्या भागाचा व्याजदर पूर्ण मुदतीसाठी पक्का असतो, हा मोठा फायदा. पण ५०४ मधून गुडविल, माल किंवा खेळतं भांडवल घेता येत नाही. चालू पंप पहिल्यांदाच घेणाऱ्याला त्यामुळे ७(ए) सोयीचं पडतं. भाड्याच्या जागेत आधीच पंप चालवता आहात आणि आता जागा विकत घ्यायची आहे, किंवा जुनं पाडून नवं बांधायचं आहे, तर ५०४ बघा.

नुसता धंदा घेत असाल आणि जमीन दुसऱ्याची असेल, तर भाडेकरार वाढीव मुदतींसह कर्जाच्या मुदतीइतका तरी लांब हवा. कराराची सहा वर्षं उरली असताना दहा वर्षांचं कर्ज मागायला गेलात तर पहिलं काम जमीनमालकाकडे.

विकणाऱ्याचे आकडे

‘महिन्याला ९० हजार गॅलन जातात, दुकान लाखाचं आहे.’ हे वाक्य प्रत्येक ब्रोकरच्या तोंडी असतं. बँक यातलं काही धरत नाही. ती विकणाऱ्याचे तीन वर्षांचे टॅक्स रिटर्न घेते आणि आयआरएसकडून, म्हणजे अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्याकडून, त्यांची प्रत मागवून पडताळते. त्यासाठी ४५०६-सी हा फॉर्म विकणाऱ्याकडून सही करून घ्यावा लागतो. सहीला टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा. रोखीची विक्री लपवून कमी नफा दाखवलेला असेल, तर लपवलेल्या नफ्यावर कर्ज मिळत नाही. विकणारा भाव मात्र त्या नफ्याचाच लावतो. हा फरक भरून निघणार कसा, हे त्यालाच विचारायचं.

रिटर्नशिवाय ही तपासणी स्वतः करा. गॅलन मोजायला मालकाची वही नको. जॉबरची, म्हणजे पुरवठादाराची, २४ ते ३६ महिन्यांची स्टेटमेंट आणि प्रत्येक टँकरची डिलिव्हरी पावती घ्या. दुकानाच्या विक्रीसाठी सेल्स टॅक्सची रिटर्न आणि सिगारेट-किराण्याच्या होलसेलरची बिलं जुळवा. सिगारेट, बिअर, थंड पेयं यांचं प्रमाण कळलं की सरासरी नफा किती असू शकतो याचा अंदाज येतो; सिगारेटवर मार्जिन सगळ्यात बारीक. लॉटरीचा आकडा लॉटरी कमिशनच्या साप्ताहिक हिशेबातून घ्या. विक्रीत लॉटरीची पूर्ण रक्कम मोजली आहे की फक्त कमिशन, हे न बघता ‘दुकान लाखाचं’ मान्य करणारे पुष्कळ असतात.

आता एक उदाहरण पूर्ण सोडवू. आकडे कल्पित आहेत, पण प्रमाण असंच असतं.

समजा भाव २० लाख डॉलर: जमीन-इमारत साडेतेरा लाख, यंत्रं दोन लाख, गुडविल साडेचार लाख. वर माल आणि टाक्यांतलं इंधन १ लाख १० हजार, हमी शुल्क आणि क्लोजिंगचा (व्यवहार पूर्ण करण्याचा) खर्च ९० हजार, खेळतं भांडवल एक लाख. एकूण २३ लाख. एसबीएचा किमान स्वतःचा वाटा १० टक्के असला तरी गॅस स्टेशनसाठी बँका बऱ्याचदा १५ ते २० मागतात. १५ धरले तर तुमचे ३ लाख ४५ हजार आणि कर्ज १९ लाख ५५ हजार. २५ वर्षं, १० टक्के व्याज धरून हप्ता महिना सुमारे १७,७६५ डॉलर, म्हणजे वर्षाला २ लाख १३ हजार.

उत्पन्न: महिना ९० हजार गॅलन, गॅलनमागे २८ सेंट मार्जिन. त्यातून कार्डाचे ९ सेंट गेले की राहिले १९. वर्षाचे २ लाख ५ हजार. दुकान महिना ९५ हजार, कार्ड शुल्क जाऊन २८ टक्के, म्हणजे ३ लाख १९ हजार. लॉटरी, एटीएम वगैरे ३० हजार. एकूण साडेपाच लाखांच्या थोडं वर. पगार १ लाख ६५ हजार आणि वीज, विमा, प्रॉपर्टी टॅक्स, दुरुस्ती, टाक्यांच्या चाचण्या मिळून सव्वा लाख वजा केले की उरतात २ लाख ६४ हजार.

हप्त्याच्या १.२४ पट. एसबीए १.१५ मागते, बँका साधारण १.२५. बसलं म्हणायचं? नाही. यात तुमच्या घरखर्चाचा डॉलरही धरलेला नाही. अंडररायटर, म्हणजे बँकेत फाइल तपासणारा माणूस, मालकाला जगायला लागणारे पैसे आधी वजा करतो. ते वर्षाला ६० हजार धरले तर उरतात २ लाख ४ हजार, हप्त्यापेक्षाही कमी. वर मार्जिन पाच सेंटने घसरलं तर आणखी ५४ हजार जातात.

उलटा हिशेब केला तर हा पंप १.२५ च्या कसोटीवर साधारण १५ लाखांचंच कर्ज पेलतो. म्हणजे भाव उतरवा, स्वतःचे पैसे वाढवा, किंवा घरखर्च दुसऱ्या पगारातून भागतो हे दाखवा. जोडीदाराची नोकरी आणि तिथला आरोग्य विमा चालू असेल तर फायलीत ते ठळकपणे दाखवा. अशा कर्जांत त्याचं वजन मोठं असतं.

न्यू जर्सीतल्यांसाठी एक वेगळी ओळ. तिथे १९४९ च्या कायद्याने ग्राहकाला स्वतः गॅस भरता येत नाही, म्हणून पंपावर सतत माणूस लागतो. दुसऱ्या राज्यातल्या पंपाचे पगाराचे आकडे उचलून प्रोजेक्शन बनवलं तर न्यू जर्सीच्या अंडररायटरला ते पहिल्या पानावर कळतं.

पुरवठा करार आणि ब्रँड

शेल, एक्सॉन, सुनोको अशी पाटी म्हणजे ब्रँडेड पुरवठा करार. १९७८ च्या पेट्रोलियम मार्केटिंग प्रॅक्टिसेस ॲक्टखाली तो फ्रँचाइझ मानला जातो. करार रद्द करायचा किंवा नूतनीकरण नाकारायचं तर पुरवठादाराला कायद्यात दिलेलं कारण आणि साधारणपणे ९० दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. दुकानाची फ्रँचाइझ, म्हणजे सेव्हन-इलेव्हन किंवा सर्कल के, ही वेगळी गोष्ट. तिथे फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमाप्रमाणे सही किंवा पैसे देण्याच्या किमान १४ दिवस आधी माहितीपत्रक हातात मिळालं पाहिजे. इंधनाच्या करारांना या नियमातून सूट आहे, म्हणून तसं माहितीपत्रक येत नाही. करार स्वतःच वाचावा लागतो.

एसबीएची फ्रँचाइझ डिरेक्टरी २०२३ मध्ये बंद झाली होती, २०२५ मध्ये परत आली. तुमचा करार फ्रँचाइझच्या व्याख्येत बसत असेल तर ब्रँड त्या यादीत असावा लागतो. बसतो की नाही हे बँक ठरवते, म्हणून मसुदा पहिल्याच आठवड्यात तिच्या हाती द्या.

करारात पाच गोष्टी शोधा. किती वर्षं उरली आहेत. महिन्याला किमान किती गॅलन घेण्याचं बंधन आहे. भाव कसा लागतो: टर्मिनलचा रॅक भाव (टँकर भरताना लागणारा घाऊक भाव) अधिक ठराविक सेंट अधिक वाहतूक, की पुरवठादार रोज ठरवेल तो. विक्री होताना आधी आपणच विकत घेण्याचा हक्क पुरवठादाराने ठेवला आहे का. असेल तर त्याचा नकार लेखी मिळेपर्यंत बँक पुढे जाणार नाही. आणि पाचवी, सगळ्यात महागात पडणारी: ब्रँडचा आगाऊ पैसा.

नवी पाटी, छत, डिस्पेन्सर यांसाठी पुरवठादाराने आधीच्या मालकाला एकरकमी पैसे दिलेले असतात. ते दरमहा थोडे थोडे माफ होत जातात. करार मुदतीआधी मोडला तर उरलेली रक्कम परत द्यायची. समजा दीड लाख दिले होते, दहा वर्षांत माफ व्हायचे होते आणि चार वर्षं झाली, तर ९० हजार शिल्लक आहेत. करार तुमच्या नावावर करून घेतलात की ते ९० हजार तुमच्या डोक्यावर. बँक ते देणं म्हणूनच मोजते. भाव ठरवताना ही रक्कम वजा करून मागा, किंवा ती फेडायची जबाबदारी विकणाऱ्यावर आहे असं करारात स्पष्ट लिहून घ्या. जमिनीच्या खरेदीखतातही बघा. अमुक वर्षं अमुक कंपनीचंच इंधन विकायचं, अशी अट खताला जोडलेली असू शकते, आणि पुरवठा करार संपला तरी ती अट संपत नाही.

जमिनीखालचं प्रकरण

बँकेच्या दृष्टीने खरी जोखीम इथे आहे, म्हणून या भागाला घाई करू नका.

फेज वन पर्यावरण तपासणी टळत नाही. त्यात जागेचा इतिहास, राज्याच्या गळतीच्या नोंदी, शेजारचे धंदे आणि प्रत्यक्ष पाहणी येते. ती मान्य मानकानुसार, सध्या एएसटीएम ई१५२७-२१ प्रमाणे, आणि बँकेला चालणाऱ्या तज्ज्ञाकडूनच करून घ्या. त्याने एसबीएच्या नमुन्यातलं रिलायन्स लेटर (अहवालावर विसंबता येईल असं पत्र) द्यावं लागतं. विकणाऱ्याने दोन वर्षांपूर्वी केलेला अहवाल वाचायला उपयोगी, जमा करायला नाही. पाहणी, नोंदींचा शोध असे मुख्य भाग १८० दिवसांनी शिळे होतात. जुन्या स्टेशनला पुढे फेज टू बहुधा लागतंच: टाक्या आणि डिस्पेन्सरजवळ भोकं पाडून माती व पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत जातात, बेंझिन, एमटीबीई अशा इंधनातल्या रसायनांसाठी. फेज वन काही हजार डॉलरमध्ये होतं, फेज टूला कितीतरी जास्त लागतात. खर्च कोण करणार आणि गळती सापडली तर बयाणा परत मिळणार का, ही दोन वाक्यं करारात आधीच हवीत.

टाक्यांसाठी राज्याच्या नोंदणीतून त्यांचं वय, भिंत एकेरी की दुहेरी, फायबरग्लास की स्टील, हे काढा. फायबरग्लास टाकीची वॉरंटी सहसा ३० वर्षांची असते. त्या वयाच्या पुढे गळतीचा विमा महाग होत जातो, काही कंपन्या देतही नाहीत. इंधन विकणाऱ्या मालकाने एका घटनेमागे १० लाख डॉलरची आर्थिक जबाबदारी विम्याने, राज्याच्या निधीने किंवा अन्य मान्य मार्गाने दाखवावी असा फेडरल नियम आहे. त्यामुळे विमा मिळाला नाही तर कर्जही अडकतं. विमा एजंटला टाक्यांची माहिती बँकेच्या आधी पाठवा, असं सांगतो ते याचसाठी.

मग चाचण्यांचे कागद. २०१५ च्या सुधारित नियमांनुसार स्पिल बकेटची चाचणी दर तीन वर्षांनी, ओव्हरफिल रोखणाऱ्या यंत्रणेची तपासणी दर तीन वर्षांनी, लाइन लीक डिटेक्टर आणि गळती दाखवणारे सेन्सर दर वर्षी, आणि साधी फेरतपासणी दर ३० दिवसांनी नोंद करून. ही फाइल मागा. ‘मशीन सगळं आपोआप बघतं’ असं उत्तर आलं तर समजा फाइल नाही.

टेस्टिंग कंपनीच्या माणसाबरोबर एकदा स्वतः उभे राहा. टँकर जिथे नळी लावतो तिथलं झाकण उघडलं की खाली बादलीसारखा कप्पा दिसतो, तो स्पिल बकेट. तो कोरडा आणि तडा नसलेला हवा. त्यात पाणी आणि काळपट इंधन साचलेलं असेल तर रोजची देखभाल कशी आहे ते तिथेच कळतं. डिस्पेन्सरचा खालचा पत्रा काढायला लावा. खालच्या संपमध्ये (खड्ड्यात) इंधन दिसतं का, पाइपचं रबरी बूट फाटलं आहे का, सेन्सर तळाशी आहे की अलार्म वाजू नये म्हणून वर उचलून बांधून ठेवला आहे, हे बघा. सेन्सर वर बांधायची ही युक्ती फार जुनी आहे आणि अजून चालते. आतल्या टँक गेजच्या (टाकीतली पातळी मोजणाऱ्या) मशीनवर अलार्मचा इतिहास छापून घ्या; कागदावर वर्षभरातले सगळे अलार्म तारखेसह येतात.

डिझेलच्या टाकीकडे वेगळं बघा. ईपीएने, म्हणजे अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने, २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ४२ डिझेल टाक्यांपैकी ८३ टक्के ठिकाणी आतल्या धातूच्या भागांवर मध्यम किंवा तीव्र गंज सापडला होता. मालकांपैकी फार थोड्यांना त्याची कल्पना होती.

गळती सापडली म्हणजे सौदा मोडलाच असं नाही. राज्याचं ‘पुढील कारवाई नको’ हे पत्र, राज्याच्या टाकी निधीत प्रकरण मान्य असणं, विकणाऱ्याचं नुकसानभरपाईचं हमीपत्र, किंवा सफाईच्या अंदाजित खर्चाच्या दीडपट रक्कम एस्क्रोमध्ये (तिसऱ्याच्या ताब्यातल्या खात्यात), असे मार्ग असतात. पण महिने जातात. घाई असलेल्याने दुसरा पंप बघावा.

स्वतःचे पैसे कुठून आले

बँक शेवटच्या दोन महिन्यांची खात्याची स्टेटमेंट घेते आणि प्रत्येक मोठ्या जमा रकमेचा उगम विचारते. घरावर काढलेलं कर्ज चालतं, पण त्याचा हप्ता या धंद्यातून न भरता दुसऱ्या उत्पन्नातून भरला जातो हे दाखवावं लागतं. ४०१(के) या निवृत्ती खात्यातले पैसे कंपनीच्या शेअरमध्ये गुंतवण्याची रॉब्स नावाची पद्धत आहे. तिला सी कॉर्पोरेशन लागतं आणि दरवर्षी कागदपत्रं. विकणाऱ्याचं कर्ज तुमच्या वाट्यात धरायचं तर ते किमान वाट्याच्या निम्म्यापर्यंतच, आणि एसबीए कर्ज फिटेपर्यंत त्याला व्याज किंवा मुद्दल काहीही द्यायचं नाही. बरेच विकणारे हे ऐकून माघार घेतात.

भारतातून पैसे आणताना वेळ धरा. आईवडील निवासी भारतीय असतील तर रिझर्व्ह बँकेच्या योजनेत प्रत्येकी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत भेट पाठवू शकतात. १० लाख रुपयांपुढच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ कर) कापून घेते, जो त्यांना रिटर्नमध्ये वळता करून मिळतो. पुण्यातला फ्लॅट तुम्हीच विकून पैसे आणत असाल तर ते एनआरओ खात्यातून, वर्षाला १० लाख डॉलरच्या मर्यादेत, सीएच्या प्रमाणपत्रासह. भेट असेल तर परतफेड नको असं पत्र लागतं. आणि परदेशातून वर्षात एक लाख डॉलरपेक्षा जास्त भेट मिळाली तर आयआरएसला फॉर्म ३५२० भरायचा असतो. त्यावर कर नाही, पण न भरल्यास दंड जबर आहे.

अर्ज, मूल्यांकन, क्लोजिंग

बँक निवडताना एकच प्रश्न विचारा: गेल्या वर्षभरात किती गॅस स्टेशनना कर्ज दिलंत? काही बँका हा धंदा घेतच नाहीत, आणि ते सहा आठवड्यांनी सांगतात. एसबीएने प्रीफर्ड दर्जा दिलेली बँक बहुतेक निर्णय स्वतः घेते, म्हणून वेळ वाचतो.

फायलीत लागतं ते असं: एसबीएचे १९१९ आणि ४१३ हे फॉर्म, तुमचे तीन वर्षांचे रिटर्न, विकणाऱ्याचे तीन वर्षांचे रिटर्न आणि चालू वर्षाचा ताळेबंद, विक्री करार, पुरवठा करार, महिनावार प्रोजेक्शन आणि त्यामागची गृहीतकं. जमीन एका एलएलसीत आणि धंदा दुसऱ्या एलएलसीत ठेवायचा असेल तर तसं सुरुवातीलाच सांगा. दोन्ही कंपन्या कर्जात बांधल्या जातात आणि मधला भाडेकरार कर्जाच्या मुदतीचा लागतो. मूल्यांकन चालू धंद्याचं असतं, आणि मूल्यांकनकाराला जमीन, यंत्रं व गुडविल वेगवेगळं दाखवावं लागतं. मूल्य कमी आलं तर फरक रोख भरायचा किंवा भाव उतरवायचा, तिसरा मार्ग नाही.

हमी शुल्क विसरू नका. सात लाखांपुढच्या कर्जात हमी असलेल्या रकमेच्या पहिल्या १० लाखांवर साडेतीन टक्के, त्यापुढे पावणेचार. वरच्या उदाहरणात ते साडेबावन्न हजार डॉलरच्या आसपास येतं. कर्जात घालता येतं, पण येतं.

सगळे कागद तयार असतील तर क्लोजिंगला साठ ते नव्वद दिवस. त्याआधी राज्याचा कर विभाग. विकणाऱ्याने सेल्स टॅक्स थकवला असेल तर तो बऱ्याच राज्यांत नव्या मालकाकडून वसूल होऊ शकतो. न्यू जर्सीत क्लोजिंगच्या किमान १० कामकाजाच्या दिवस आधी सी-९६०० हा फॉर्म पाठवायचा. मग विभाग किती रक्कम रोखून ठेवायची ते कळवतो. लॉटरी, तंबाखू, बिअरचे परवाने नव्याने काढावे लागतात, आणि फूड स्टॅम्प (गरिबांना सरकारकडून मिळणारी किराण्याची मदत) घेण्याची परवानगी तर हस्तांतरित होतच नाही. ज्या दुकानाची बरीच विक्री फूड स्टॅम्पवर आहे तिथे हा अर्ज आधी टाकला नाही तर पहिला महिना कोरडा जातो.

क्लोजिंगच्या दिवशी टाक्यांतलं इंधन गेजवर आणि काठीने, दोन्ही प्रकारे मोजा आणि शेवटच्या डिलिव्हरीच्या भावाने घ्या. दुकानातला माल मोजणाऱ्या कंपनीला मुदत संपलेल्या वस्तू वेगळ्या काढायला सांगा. एका टँकरमध्ये साधारण साडेआठ हजार गॅलन येतात; तीन डॉलर भाव असेल तर एका लोडचे साडेपंचवीस हजार. महिन्याला ९० हजार गॅलन म्हणजे दर तीन दिवसांनी एक लोड, आणि जॉबर पैसे थेट खात्यातून ओढतो. ब्रँडेड पंपावर कार्डाचे पैसे पुरवठादारामार्फत फिरून येतात. पहिल्याच आठवड्यात पैसे ओढताना खातं रिकामं निघालं तर जॉबर पुढचा लोड आगाऊ रकमेशिवाय पाठवत नाही. निदान दोन लोडांचे पैसे खात्यात पडून राहतील एवढं खेळतं भांडवल कर्जातच मागून घ्या. नंतर वेगळं मागायला गेलात तर पुन्हा पहिल्यापासून फाइल.

टाक्यांची मालकी बदलल्याची सूचना राज्याला ३० दिवसांत द्यायची, आणि ए, बी, सी या तिन्ही वर्गांचे प्रशिक्षित ऑपरेटर नेमलेले हवेत. सी म्हणजे काउंटरवरचा माणूस, त्याला तर कामावर उभं राहण्याआधीच शिकवायचं. पंप चांगला चालला आणि लवकर कर्ज बदलावंसं वाटलं तर हे लक्षात असू द्या: १५ वर्षं किंवा जास्त मुदतीच्या ७(ए) कर्जात पहिल्या तीन वर्षांत २५ टक्क्यांहून जास्त रक्कम आधी भरली तर पहिल्या वर्षी ५, दुसऱ्या वर्षी ३ आणि तिसऱ्या वर्षी १ टक्का दंड आहे. ५०४ च्या २५ वर्षांच्या भागावर तो दहा वर्षं कमी कमी होत चालतो.